प्रश्नच चुकला असेल तर? घरची तयारी, परीक्षेतली दीड मिनिटं आणि नंतरचा आक्षेप

मागच्या डिसेंबरात आमच्या वर्गातला एक मुलगा एका खाजगी सराव परीक्षेहून आला, तेव्हा त्याच्या बुद्धिमत्तेच्या पेपरातले शेवटचे अकरा प्रश्न कोरे होते. मुलगा हुशार आहे, वेगही चांगला आहे. मग वेळ गेला कुठे? एका प्रश्नात. 'गटात न बसणारे पद ओळखा : ४, ९, १५, २५.' १५ सोडून बाकी सगळ्या वर्गसंख्या, हे त्याला लगेच दिसलं. मग असंही दिसलं की ४ सोडून बाकी सगळ्या विषम संख्या आहेत. दोन्ही बरोबर, आणि गोल एकच काळा करायचा. तो तिथेच अडकला.

घरी त्याला ऐकवलं गेलं, "प्रश्न कधी चुकीचा नसतो, तुझंच लक्ष नसतं." शेजारच्या काकांनी दुसरं टोक धरलं, "चुकीचा प्रश्न सरळ सोडून द्यायचा, त्याचे मार्क सगळ्यांना मिळतात." दोन्ही सल्ले मुलाचं नुकसान करतात. पहिल्याने त्याचा स्वतःच्या बरोबर विचारावरचा विश्वास जातो, दुसऱ्याने हातातले गुण जातात.

काळाचौकीला आमच्या इमारतीच्या हॉलमध्ये मी शिष्यवृत्ती परीक्षेला बसणाऱ्या मुलांचा वर्ग घेते. दरवर्षी हाच गोंधळ बघते. चुकीच्या प्रश्नाशी तीन वेगळी कामं जोडलेली असतात आणि ती तीन वेगळ्या वेळी करायची असतात. चूक ओळखायला शिकणं हे घरचं काम. पेपर काढणाऱ्याच्या मनात कोणतं उत्तर असेल ते ओळखून पुढे जाणं हे परीक्षेतलं काम. पुराव्यासह आक्षेप घेणं हे नंतरचं काम, आणि ते मोठ्यांचं. होतं असं की मूल परीक्षेत बसल्या बसल्या मनातल्या मनात आक्षेप घेत राहतं आणि पालक चूक ओळखण्याचा धडा निकालानंतर सुरू करतात.

खालचे टप्पे शिष्यवृत्ती परीक्षा डोळ्यासमोर ठेवून लिहिले आहेत. पर्याय निवडायच्या इतर परीक्षांनाही बहुतेक सगळं लागू पडतं.

टप्पा १ : परीक्षेचे नियम आधी तुम्ही वाचा

महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या शिष्यवृत्ती परीक्षेत दोन पेपर असतात. पहिल्यात प्रथम भाषा आणि गणित, दुसऱ्यात तृतीय भाषा आणि बुद्धिमत्ता चाचणी. प्रत्येक पेपरात ७५ प्रश्न, १५० गुण, वेळ दीड तास. म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. हा आकडा मुलाला पाठ हवा. सात मिनिटं एका प्रश्नावर घालवली तर जवळजवळ सहा प्रश्नांचा वेळ गेला, म्हणजे दोन गुणांसाठी बारा गुण पणाला लागले.

या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. इथे कोरा गोल ठेवण्यात काहीच फायदा नाही. मेडिकलच्या 'नीट'सारख्या परीक्षेत चूक झाली की गुण कापला जातो, तिथला हिशोब वेगळा. घरात थोरलं भावंड अशा परीक्षेची तयारी करत असेल तर त्याचा 'खात्री नसेल तर सोड' हा सल्ला धाकट्याच्या डोक्यात शिरतो. तो आजच काढून टाका.

आता सगळ्यात जास्त चुकणारी गोष्ट. आठवीच्या पेपरांत जास्तीत जास्त २० टक्के प्रश्नांना चारपैकी दोन पर्याय अचूक असतात आणि ते दोन्ही नोंदवावे लागतात. म्हणजे आठवीच्या मुलाला दोन बरोबर उत्तरं दिसली तर तो प्रश्न सदोष असेलच असं नाही, तो मुद्दामच तसा काढलेला असू शकतो. पाचवीचं पुस्तक वापरून आठवीच्या मुलाला शिकवणारे पालक इथे हमखास फसतात. २०२५ मध्ये शासनाने ही परीक्षा पाचवी आणि आठवीवरून पुन्हा चौथी आणि सातवीला नेण्याचा निर्णय घेतला. त्यामुळे तुमच्या मुलाच्या इयत्तेला कोणता नियम आहे ते त्या वर्षीच्या परिपत्रकात बघा. वरच्या वर्गातल्या मुलाच्या आईला विचारून भागवू नका.

*तपासा :* वेळ, प्रश्नसंख्या, गुण वजा होतात का, दोन पर्यायांचा नियम आहे का. ही चार उत्तरं मुलाला न अडखळता सांगता आली की पुढे जा.

टप्पा २ : चुका कशा असतात ते मुलासोबत बसून बघा

नुसतं 'कधी कधी प्रश्न चुकीचे असतात' असं सांगितलं की मुलाच्या हाती काही लागत नाही, भीती मात्र वाढते. प्रत्येक प्रकाराचं एक उदाहरण द्या आणि त्या प्रकाराला काय करायचं तेही लगेच सांगा. हा टप्पा घाईने उरकू नका. मी याला चार रविवार देते.

*बरोबर उत्तर पर्यायांत नाही.* एक डझन केळी ४८ रुपयांना, तर ५ केळी कितीला? पर्याय : १६, १८, २४, २५. उत्तर येतं २०, ते कुठेच नाही. इथे मुलं तीनतीनदा गणित करतात. नियम असा ठेवा : प्रश्न पुन्हा वाचून गणित फक्त एकदाच पुन्हा करायचं. तेच उत्तर आलं तर जवळचा वाटेल तो गोल भरून निघायचं. आपलं चुकलंय की त्यांचं, याचा निकाल तिथे लागणार नाही.

*दोन उत्तरं बरोबर.* '२, ४, ८, ?' आणि पर्यायांत १६ आणि १४ दोन्ही. दुप्पट करत गेलात तर १६. फरक २, ४, ६ असा वाढवत गेलात तर १४. फक्त तीन पदं देऊन मालिका विचारली की हे व्हायचंच. भाषेत हा प्रकार फारच दिसतो, कारण आपल्या शब्दांना अर्थ अनेक. 'अंबर'चा समानार्थी शब्द विचारला आणि पर्यायांत आकाश आणि वस्त्र दोन्ही दिले. 'कर' विचारला आणि हात व सारा दोन्ही दिले. जे मूल जास्त वाचतं तेच इथे अडकतं, ही मला सलणारी गोष्ट आहे. ज्याला 'अंबर'चा एकच अर्थ माहीत आहे ते मूल तीन सेकंदांत पुढे जातं.

यावर मुलाला तीन प्रश्न शिकवा. एक, यातला कोणता नियम आपल्या पाठ्यपुस्तकात सरळ शिकवला आहे? दोन, कोणता नियम जास्त नेमका आहे? ('विषम' संख्या अगणित, 'वर्गसंख्या' थोड्या, म्हणून ४, ९, १५, २५ मध्ये पेपर काढणाऱ्याच्या मनात १५ असण्याची शक्यता जास्त.) तीन, कोणतं उत्तर धरलं की बाकीचे पर्याय 'फसवायला ठेवलेले' वाटतात? या तिन्हींना मिळून वीस सेकंद. तरीही पारडं समान राहिलं तर जे आधी सुचलं ते.

*माहिती किंवा आकृती अपुरी.* 'छायांकित भाग किती?' आणि छपाईत छायाच उमटलेली नाही. हा छपाईचा दोष, याला हात वर करायचा. कसा, ते पुढे सांगते.

*भाषांतर किंवा शब्दाचा घोळ.* 'चौकोनाची परिमिती ३६ सेमी आहे, तर एक बाजू किती?' चौकोनाच्या चार बाजू वाट्टेल तशा असू शकतात, म्हणायचं होतं 'चौरस'. मुलाने ९ वर गोल करावा आणि पुढे जावं. 'मधील' हा शब्दही असाच. '११ ते २३ मधील मूळ संख्या किती?' टोकं धरली तर पाच, सोडली तर तीन. पुस्तकात 'दरम्यान' म्हणजे टोकं सोडून आणि 'पर्यंत' म्हणजे शेवटचं टोक धरून. 'मधील' लिहिलं की वाद. मुंबईत सेमी इंग्रजीची मुलं भरपूर आहेत. गणिताच्या संज्ञा त्यांना इंग्रजीत पाठ आणि घरी समजावणारे आजोबा मराठीत. अशा मुलाकडून दोन्ही भाषांतल्या संज्ञांची एक जोडवही करून घ्या : परिमिती, क्षेत्रफळ, चौरस, चौकोन, आयत, लसावि, मसावि, दसादशे.

हे फक्त लहानांच्या परीक्षेत होतं असं नाही. २७ एप्रिल २०२५ ला इंजिनिअरिंग प्रवेशाच्या एमएचटी सीईटीच्या सकाळच्या सत्रात गणिताच्या इंग्रजी पेपरात २१ प्रश्नांचे पर्याय चुकले होते आणि ५ मे रोजी फेरपरीक्षा घ्यावी लागली. मुलांना मी हे मुद्दाम सांगते. एवढ्या मोठ्या परीक्षेतही माणसांकडून चूक होते हे कळलं की त्यांच्या पेपरातल्या चुकीचा धसका जातो.

*माहिती जुनी.* महाराष्ट्रात जिल्हे किती? १ ऑगस्ट २०१४ ला पालघर झाला तेव्हापासून ३६. जुन्या गाईडमध्ये ३५ असतं. अभिजात भाषा किती? ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीसह पाच भाषांची भर पडून ११ झाल्या. त्याआधी छापलेल्या पुस्तकांत ६. मुख्य परीक्षेपेक्षा सरावाच्या पुस्तकांत हा दोष जास्त असतो. दादरला फुटपाथवरून स्वस्तात आणलेली जुनी पुस्तकं सरावाला चालतात, पण उत्तरसूची डोळे मिटून वापरू नका.

*सावधान :* गाईडच्या चुकलेल्या उत्तरसूचीने होणारं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. मुलाचं उत्तर बरोबर असतं, सूची वेगळं सांगते, आणि मूल आपली बरोबर रीत मोडून सूचीला जुळेल अशी रीत शोधून काढतं. आमच्याकडे नियम आहे : सूची आणि मूल यांचं जमलं नाही तर तो प्रश्न दोन मोठी माणसं वेगवेगळी सोडवतात, आणि मगच कोण चुकलं ते ठरतं.

टप्पा ३ : 'चुकीचा' आणि 'अवघड' यांत फरक करा

वरचं सगळं शिकवल्यावर पुढच्याच आठवड्यात मुलाला निम्मे प्रश्न चुकीचे वाटू लागतात. त्यासाठी एकच अट घाला : प्रश्न चुकीचा आहे असं म्हणायचं असेल तर का, ते एका वाक्यात लिहायचं. 'टोकं धरायची की नाही ते सांगितलेलं नाही' हे वाक्य चालेल. 'काहीतरी गडबड आहे' हे चालणार नाही. वाक्य लिहिता येत नसेल तर प्रश्न अवघड आहे, चुकीचा नाही.

माझ्या अनुभवात मुलांनी चुकीचे ठरवलेले बहुतेक प्रश्न चांगलेच असतात. 'नाही', 'अयोग्य', 'सोडून' हे शब्द त्यांनी गाळलेले असतात, किंवा मीटर आणि सेंटिमीटर एकत्र केलेले असतात. म्हणून वाक्य लिहिण्याआधी मुलाने बोट ठेवून प्रश्न एकदा पुन्हा वाचावा आणि नकाराच्या शब्दाखाली रेघ मारावी.

आणखी एक गैरसमज आपल्या मुंबईच्या मुलांचा खास. 'समीर दादरहून परळला रिक्षाने गेला. भाडे दर किलोमीटरला १५ रुपये...' एवढं वाचून आमच्या वर्गातली मुलगी म्हणाली, "ताई, हा प्रश्न चुकीचा आहे. दादरला रिक्षा येतच नाही." तिचं खरं आहे, शीव-माहीमच्या अलीकडे शहरात रिक्षा नाहीत. पण गणिताचं उत्तर त्यावर अवलंबून नाही. मुलांना मी असं सांगते : बाहेरचं जग प्रश्नात आणायचं नाही, प्रश्नात जे दिलंय तेवढंच खरं मानायचं. मग तिला शाबासकीही दिली, कारण तिने प्रश्न खरोखर वाचला होता.

टप्पा ४ : सराव पेपरात एक चुकीचा प्रश्न लपवा

आता तुम्ही स्वतः एक सदोष प्रश्न तयार करा. अवघड नाही. चांगल्या प्रश्नातला बरोबर पर्याय खोडून दुसरा आकडा लिहिला की झालं. पंचवीस प्रश्नांच्या सरावात असा एक, फार तर दोन. कुठे आहे ते मुलाला सांगायचं नाही.

मुलाकडून अपेक्षा चार :

१. अडलेल्या प्रश्नाच्या क्रमांकाभोवती प्रश्नपुस्तिकेत छोटं वर्तुळ करणं.
२. साधारण दीड मिनिटाच्या आत निर्णय घेणं.
३. एक गोल भरणं.
४. पेपर संपल्यावर, आधी नव्हे, कारणाचं एक वाक्य लिहिणं.

पहिल्या दोनतीन वेळा घड्याळ तुमच्या हातात ठेवा आणि दीड मिनिट झालं की फक्त "पुढे" म्हणा. कारण देऊ नका, चर्चा करू नका. नंतर घड्याळ मुलाकडे द्या. आमच्या वर्गात ज्या मुलांना हे जमायला सगळ्यात वेळ लागला, ती वर्गातली सर्वांत प्रामाणिक मुलं होती. खात्री नसलेल्या उत्तरावर गोल करणं त्यांना खोटं बोलल्यासारखं वाटतं. त्यांना स्पष्ट सांगा : हा गोल म्हणजे 'मला हेच पटतं' अशी सही नव्हे. 'तुम्ही काय विचारताय ते मला कळलं' एवढाच त्याचा अर्थ. तुझं खरं मत आपण घरी लिहू आणि पाठवू. हे वचन दिलं तर ते पाळावं लागतं, नाहीतर पुढच्या वेळी मूल तुमचं ऐकत नाही.

*सावधान :* चुकीच्या प्रश्नांचं प्रमाण वाढवू नका. दहात तीन चुकीचे घातले की मूल प्रत्येक प्रश्नाकडे संशयाने बघतं आणि वेग पडतो.

*तपासा :* मूल सराव पेपर पूर्ण करतं का? लपवलेला प्रश्न ओळखला पण पेपर अपुरा राहिला, तर हा टप्पा झालेला नाही.

टप्पा ५ : परीक्षेत काय करायचं, याच क्रमाने

*पुस्तिका हातात आली की* आधी पानं मोजायची. कोरं पान, दुबार पान, पुसट आकृती दिसली तर लगेच हात वर. पर्यवेक्षकांशी बोलायचं वाक्य घरी मोठ्याने म्हणवून घ्या : "बाई, माझ्या पुस्तिकेत ३४ व्या प्रश्नाची आकृती छापलेली नाही." असंच, क्रमांकासकट. भिडस्त मुलं हात वर करत नाहीत, त्यांच्याकडून हे दहा वेळा करून घ्या. पुस्तिका बदलून मिळाली तर तिचा संच (अ, ब वगैरे; प्रत्येकात प्रश्नांचा क्रम वेगळा) उत्तरपत्रिकेवर नोंदवलेल्या संचाशी जुळतो का, हे पर्यवेक्षकांना तिथेच विचारायचं. संच चुकला तर एका प्रश्नावर भागत नाही, सगळा पेपरच चुकतो.

*मजकुरातली चूक असेल तर* पर्यवेक्षकांना विचारून उपयोग नसतो. प्रश्नाचा अर्थ सांगायची त्यांना परवानगी नसते, आणि मुलाची दोन मिनिटं जातात. 'छपाई बिघडली तर हात वर, मजकूर बिघडला तर वर्तुळ' एवढं पाठ करून घ्या.

*अडलेल्या प्रश्नावर* पुन्हा एक वाचन, नकाराचा शब्द आहे का ते बघणं, 'दोन पर्याय निवडा' अशी सूचना आहे का ते बघणं, मग टप्पा २ मधले तीन प्रश्न, आणि गोल. मी मुलांना गोल लगेच भरायला सांगते, 'नंतर बघू' म्हणून रिकामा ठेवायला नाही. कारण रिकाम्या जागेतून मोठा अपघात होतो : ४१ वा सोडला आणि ४२ चं उत्तर ४१ च्या ओळीत गेलं की पुढचं सगळं एकेक ओळ वर सरकतं. ज्यांना सोडून पुढे जायचंच असेल त्यांनी दर दहा प्रश्नांनी पुस्तिकेतला क्रमांक आणि उत्तरपत्रिकेतला क्रमांक बोट ठेवून जुळवावा. शाईने भरलेला गोल बदलता येत नाही, आणि एकाच उत्तराच्या प्रश्नाला दोन गोल भरले तर गुण मिळत नाही. 'दोन्ही बरोबर आहेत ना, मग दोन्ही भरले' असं सांगत आलेली मुलं मी पाहिली आहेत.

*कोरं का ठेवायचं नाही,* याचं दुसरं कारण. प्रश्न रद्द झाल्यावर गुण कसे द्यायचे ते त्या त्या परीक्षेचं मंडळ ठरवतं, आणि ते सगळ्यांना मिळतीलच असं नाही. २१ फेब्रुवारी २०२३ च्या बारावीच्या इंग्रजी पेपरात पद्य विभागातल्या तीन उपप्रश्नांत छपाईचा घोळ झाला होता. राज्य मंडळाने सहा गुण दिले, पण ते तो विभाग सोडवण्याचा प्रयत्न केलेल्या किंवा निदान प्रश्नक्रमांक लिहिलेल्या विद्यार्थ्यांना. लेखी परीक्षेत म्हणूनच प्रश्नक्रमांक लिहून, 'कोन ब काटकोन आहे असे गृहीत धरून' अशी एक ओळ टाकून उत्तर सुरू करायचं.

टप्पा ६ : दोन पेपरांच्या मधला वेळ

हा टप्पा पूर्णपणे पालकांचा, आणि इथेच सर्वांत जास्त बिघडतं. पहिला पेपर सुटला की गेटवर गर्दी, प्रत्येकाच्या हातात पुस्तिका, कुणीतरी मोबाइलवर गणित सोडवतंय. "अगं, ५२ चा पर्यायच नाहीये!" हे वाक्य ऐकून मूल दुसऱ्या पेपरला बसतं आणि मनात ५२ वाच प्रश्न चालू राहतो.

पुस्तिका घ्या, पिशवीत टाका, पिशवी बंद. मुलाला डबा द्या, पाणी द्या, सावलीत बसवा. पहिल्या पेपरावर चकार शब्द नाही. मूल स्वतःहून बोललं तर "संध्याकाळी बघू, मी लक्षात ठेवलंय" एवढंच.

टप्पा ७ : त्याच संध्याकाळी नोंद, दुसऱ्या दिवशी पडताळणी

उत्तरसूची यायच्या आधी मुलाकडून वर्तुळ केलेले क्रमांक, भरलेला गोल आणि कारणाचं वाक्य एका वहीत लिहून घ्या. आम्ही तिला शंकावही म्हणतो. चार दिवसांनी काय भरलं होतं ते मुलाला आठवत नाही, आणि सूची पाहिल्यावर तर आठवण आपोआप बदलते.

मग प्रत्येक शंकेची पडताळणी. पर्याय झाकून प्रश्न सोडवा. त्यानंतर बालभारतीचं चालू पाठ्यपुस्तक उघडा, शाळेतलं किंवा ई-बालभारतीच्या संकेतस्थळावरचं. तिसरी पडताळणी मुंबईत सहज होते : त्याच प्रश्नाचं दुसऱ्या माध्यमातलं रूप मिळवा. एका मजल्यावर मराठी शाळेतलं मूल असतं, दुसऱ्यावर इंग्रजी किंवा हिंदी. 'चौकोन' छापलेल्या ठिकाणी इंग्रजी पुस्तिकेत चौरसाचा शब्द असेल तर भाषांतर चुकल्याचा पुरावा तुमच्या हातात आला. मात्र संच वेगळा असेल तर क्रमांकही वेगळा असतो. मजकूर जुळवा, क्रमांक नाही.

*तपासा :* तिन्ही पडताळण्यांनंतर तुमच्याकडे किती शंका उरल्या? बहुतेक वेळा एक किंवा दोन, पुष्कळदा एकही नाही. नसेल तर मुलाला दाखवा की तो प्रश्न बरोबर होता आणि वाचताना कुठे निसटलं. हेही कामाचं आहे.

टप्पा ८ : आक्षेप लिहिणं

परीक्षा परिषद आधी अंतरिम उत्तरसूची जाहीर करते आणि आक्षेपांसाठी ठरावीक मुदत देते. आक्षेप ऑनलाइन नोंदवायचा असतो. मुदतीनंतर आलेल्या किंवा टपालाने पाठवलेल्या आक्षेपाचा विचार होत नाही. तज्ज्ञांचे अभिप्राय घेऊन अंतिम सूची लागते, आणि तिच्यावर पुन्हा आक्षेप घेता येत नाही. प्रत्येकाला स्वतंत्र उत्तर येत नाही, तेव्हा उत्तराची वाट बघत बसू नका. अंतिम सूची बघा.

पालक लिहितात कसं? 'माझ्या मुलाने वर्षभर रात्रंदिवस मेहनत केली आहे आणि अशा चुकांमुळे त्याचे भवितव्य...' भावना खरी आहे, पण अभिप्राय देणाऱ्या तज्ज्ञाला त्यात तपासण्यासारखं काही मिळत नाही. त्याला हवं असतं ते असं :

'पेपर २, मराठी माध्यम, संच ब, प्रश्न ४१. अंतरिम सूचीतील उत्तर : पर्याय १ (१६). आक्षेप : २, ४, ८ या तीन पदांवरून दोन नियम निघतात. प्रत्येक पद दुप्पट केल्यास १६ (पर्याय १), लगतच्या पदांतील फरक २, ४, ६ धरल्यास १४ (पर्याय ३). प्रश्नात नियम ठरवणारे चौथे पद नाही. विनंती : दोन्ही पर्याय ग्राह्य धरावेत किंवा प्रश्न रद्द करावा.'

माहितीवर आधारलेला प्रश्न असेल तर पुस्तकाचं नाव, इयत्ता, आवृत्तीचं वर्ष, पान क्रमांक आणि त्या पानाचा स्पष्ट फोटो. आवृत्ती चालू हवी. २०२४ च्या नीटमध्ये भौतिकशास्त्राच्या एका प्रश्नाला जुन्या पाठ्यपुस्तकाप्रमाणे आलेलं उत्तरही आधी ग्राह्य धरलं होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आयआयटी दिल्लीच्या तीन तज्ज्ञांनी एकच उत्तर बरोबर ठरवलं, आणि जुन्या पुस्तकातलं उत्तर दिलेल्या चार लाखांहून अधिक विद्यार्थ्यांचे गुण बदलले. थोरल्या ताईचं जुनं पुस्तक पुरावा म्हणून लावताना हे लक्षात ठेवा.

आक्षेप भरताना होणाऱ्या चुका : संच न लिहिणं, दुसऱ्या संचाचा क्रमांक लिहिणं, एकाच अर्जात पाच प्रश्न कोंबणं, खासगी वर्गाच्या उत्तरसूचीला पुरावा मानणं, आणि शेवटच्या रात्री संकेतस्थळ उघडणं. नोंद झाल्यावर पोचीचा स्क्रीनशॉट ठेवा. शाळेलाही आक्षेप नोंदवता येतो, म्हणून तुमचा मसुदा वर्गशिक्षकांना दाखवा. ते वाचून एखादी उणीव दाखवतील, किंवा शाळेच्या बाजूनेही पाठवतील.

*सावधान :* सोसायटीच्या ग्रुपवर एकाचा मजकूर सगळ्यांनी जसाच्या तसा पाठवू नका. एक नेमका आक्षेप पुरतो, आणि मजकुरात चूक असेल तर ती शंभर वेळा जाते.

टप्पा ९ : शाळेच्या स्वतःच्या चाचण्या

इथे ऑनलाइन अर्ज नाही, समोर माणूस आहे. मुलाला वर्गात उभं राहून "सर, तुमचा प्रश्न चुकला" म्हणायला लावू नका. शाळा सुटल्यावर पेपर घेऊन तुम्ही जा आणि विचारा, "सर, या प्रश्नात ही दोन उत्तरं येतात का, एकदा बघाल?" बहुतेक शिक्षक लगेच बघतात. ते पंचेचाळीस मुलांच्या वह्या तपासून थकलेले असतात, हेही ध्यानात असू द्या. मोठ्या मुलाला, सातवीच्या पुढच्या, हे स्वतः विचारायला शिकवा, पण तासाला नव्हे, तास झाल्यावर आणि पुस्तकाचं पान उघडून.

अंतिम सूची लागली की शंकावही पुन्हा काढा आणि प्रत्येक नोंदीपुढे काय झालं ते मुलाच्याच हाताने लिहून घ्या : 'मान्य', 'दोन्ही पर्याय धरले', 'रद्द', 'अमान्य'. अमान्य झालेल्या नोंदीवर मूल विचारेल, "पण मी बरोबर होतो ना?" तुमची पडताळणी तसं सांगत असेल तर हो म्हणा, आणि ती गुणांत धरली गेली नाही हेही सांगा. मग वही कपाटात ठेवा. पुढच्या वर्षीच्या मुलांना टप्पा २ शिकवताना मी याच वह्यांतली उदाहरणं वापरते.